खिशातल्या तीन चाकूंना धार : गाइडेड किटवरच्या कामाच्या नोंदी

४ जानेवारी : चाकू आणि साहित्य

घडीचे तीन चाकू कामाला घेतले आहेत.

क्र. १ : व्हिक्टोरिनॉक्स, ९१ मि.मी. मुठीचा, त्यातलं मोठं पातं. स्टील १.४११०, कडकपणा रॉकवेल मापावर ५६ एचआरसीच्या आसपास. पातं अरुंद आणि पातळ.
क्र. २ : ओपिनेल नंबर ८, कार्बन स्टीलचा (एक्ससी९०), लाकडी मूठ.
क्र. ३ : डी२ स्टीलचा जाडजूड चाकू. पाठ ३.५ मि.मी., पातं ८५ मि.मी.

धार लावताना कोन ठरलेला ठेवणारं हे किट साधं आहे. पात्याची पाठ धरणारा जबडा, त्याच्या मागे वर-खाली भोकं असलेला खांब, आणि भोकातून सरकणाऱ्या सळीला बसवलेल्या पट्ट्या. भोकांवर १७, २०, २५, ३० असे अंश छापलेत. पट्ट्या डायमंडच्या, चार : २२०, ३२५, ६००, १२०० ग्रिट. कण मायक्रॉनमध्ये सांगायचे तर साधारण ६०, ४५, २५ आणि ९. शिवाय काळा मार्कर, १० पटीचं भिंग, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, लाकडावर चिकटवलेलं चामडं आणि त्यावर लावायला ०.५ मायक्रॉनची हिरवी क्रोमियम ऑक्साइड पेस्ट.

घासण्याआधी तिन्ही धारा दिव्याखाली पाहिल्या. पातं धार वर करून दिव्याच्या समोर धरायचं आणि हळूहळू कलतं करायचं. चांगली धार दिसतच नाही, कारण प्रकाश परतवायला तिला रुंदीच नसते. जिथे चकचकीत रेघ दिसते तिथे धार चपटी झालेली असते. क्र. १ ला मधोमध सुमारे २० मि.मी. लांबीची सलग पांढरी रेघ. क्र. २ ला तुटक ठिपके. क्र. ३ ला रेघ नाही, पण टोकापासून १२ मि.मी.वर एक छोटा टवका. म्हणजे पहिल्या दोघांना ३२५ पासून सुरुवात पुरेल, तिसऱ्याला २२० लागेल.

५ जानेवारी : सळ्या सरळ आहेत का?

हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग पट्टी बदलली की कोन का बदलतो याचं कोडं पडतं. प्रत्येक पट्टी सळीसकट काचेवर पालथी ठेवली आणि सळीच्या टोकाची काचेपासूनची उंची मोजली. तीन पट्ट्यांची १० मि.मी., ६०० ची ८.५. तिचा स्क्रू ढिला करून सळी सरळ बसवली, आता चारही सारख्या.

दीड मिलिमीटर म्हणजे किरकोळ नाही. भोकापासून धार ९० मि.मी.च्या आसपास असताना १ मि.मी.ची उंची कोनात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पाडते. अर्धा अंश कमी पडला तर बारीक पट्टी उताराचा (धारेलगतच्या तिरक्या घासलेल्या भागाचा) फक्त मागचा खांदा, म्हणजे पाठीकडची कड, चकचकीत करत बसते आणि धारेला शिवतही नाही. जाड दगड आणि पातळ पट्टी एकाच संचात मिसळून वापरणाऱ्यांनी हे आधी मोजावं.

नव्या डायमंड पट्ट्यांवर काही कण उंच उभे असतात, ते सुरुवातीला खोल ओरखडे काढतात. जुन्या स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यावर प्रत्येक पट्टी हलक्या हाताने दोन-तीन मिनिटं फिरवून घेतली.

११ जानेवारी : क्र. १, बसवणं आणि खरा कोन

जबड्याचे दोन स्क्रू असतात. पुढचा पात्याच्या जाडीपुरता आवळायचा, मग मागचा फिरवून पकड घट्ट करायची. उलट केलं तर जबडे तिरके होतात, पातं एका बाजूला कलतं आणि दोन्ही बाजूंचे उतार वेगवेगळ्या रुंदीचे निघतात. पाठीवर दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचा एकेकच थर. एका बाजूला दोन थर झाले तरी पात्याचं प्रतल हलतं.

मोजमाप : पात्याची ५ मि.मी. पाठ जबड्यात, टोकापासून जबड्याच्या मध्यापर्यंत ३२ मि.मी., खांबापासून धारेपर्यंत ८८ मि.मी.

आता कोनाचा हिशेब. भोकाची परिणामी उंची (पट्टीची जाडी वजा जाता) भागिले खांबापासून धारेचं अंतर, हे कोनाचं टॅन. या किटवर "२०" च्या भोकाची उंची ३६.४ मि.मी. भरते, "१७" ची ३०.६. धार १०० मि.मी.वर असेल तरच छापलेले अंश खरे. क्र. १ चं पातं अरुंद, धार ८८ वर. तिथे "२०" प्रत्यक्षात २२.५ अंश होतात आणि "१७" होतात १९.२. आपल्याला एका बाजूने १९-२० हवेत, म्हणून "१७" चं भोक घेतलं.

छापलेल्या आकड्यावर कोणी विसंबू नये. तो एका ठरावीक रुंदीच्या पात्यासाठी आहे. किटचा खरा उपयोग कोन पुन्हा तोच मिळण्यात आहे, आणि तो मिळायचा तर पातं पुन्हा त्याच जागी बसायला हवं. म्हणून भोक, जबड्यातली खोली, टोकापासूनचं अंतर आणि खांबापासूनचं अंतर हे चार आकडे प्रत्येक चाकूसाठी या वहीत लिहिलेच जातील.

मार्करने दोन्ही उतार काळे केले. ३२५ च्या पट्टीचे दोन हलके हात (फेरे) मारले आणि भिंगातून पाहिलं. शाई खांद्याकडून गेली, धारेलगत केसाएवढी काळी रेघ शिल्लक. म्हणजे आपला कोन आधीच्या कोनापेक्षा थोडा कमी आहे. चालेल, थोडं जास्त घासावं लागेल इतकंच. उलट शाई फक्त धारेकडून गेली असती तर कोन जास्त, आणि पूर्ण रुंदीभर गेली असती तर तोच.

१२ जानेवारी : क्र. १, बर काढणं

पट्टीवर पाणी आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब. पात्याच्या खिळ्यावर टेप, नाहीतर घासलेल्या धातूचा काळा चिखल बिजागरीत उतरतो आणि चाकू उघडताना करकरतो.

दाब किती? डिजिटल वजनकाट्यावर पट्टी बोटाने दाबून अंदाज घेता येतो. ३२५ वर सुमारे ३०० ग्रॅम, ६०० वर २००, १२०० वर १०० आणि शेवटचे हात पट्टीच्या स्वतःच्या वजनावर. डायमंडला जोर नको असतो. निकेलच्या मुलाम्यात रुतलेले कण जास्त दाबाने उपटले जातात आणि पट्टी महिन्याभरात गुळगुळीत होते.

बोटं पट्टीच्या कडेवर ठेवायची नाहीत, मागच्या दांडीवरच ठेवायची. या किटमध्ये हात धारेच्या पलीकडून धारेकडेच ढकलला जातो, पट्टी घसरली तर बोट थेट पात्यावर. धरणाऱ्या हातात कापविरोधी मोजा घालावा.

एका बाजूला ३२५ चे साधारण ६० हात झाल्यावर दुसऱ्या बाजूला बर आली. बर म्हणजे घासताना धारेपलीकडे दुमडला जाणारा धातूचा पातळ पापुद्रा. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि तसाच बाहेर नेला की खरखर लागते. अंगठा कधीही धारेच्या लांबीला समांतर ओढायचा नाही. अंगठ्याची भीती वाटत असेल तर कापसाचा बोळा त्याच दिशेने फिरवा, बर असेल तिथे तंतू अडकतात.

बर मुळाकडे आणि टोकाकडे होती, मध्ये १५ मि.मी. नव्हती. हीच ती पांढऱ्या रेघेची जागा. तिथली धार अजून चपटीच आहे. इथे लोक फसतात. बाकी ठिकाणी बर आली म्हणून बाजू बदलतात, आणि मग १२०० पर्यंत जाऊनही मधला भाग कागद फाडतो. फक्त मधल्याच भागावर घासलं तर तिथे खड्डा पडतो, म्हणून पूर्ण लांबीचे हात चालू ठेवले, मधे जरासे जास्त. आणखी २५ हातांनी बर सलग झाली. मग जबडा उलटा करून दुसरी बाजू : ७० हात.

६०० : प्रत्येक बाजूला २० हात, बर पुन्हा एकदा इकडून तिकडे. १२०० : आळीपाळीने प्रत्येक बाजूला ५-५, ३-३, मग १-१ असे सहा, सगळे एकाच दिशेचे, पट्टी धारेकडून पाठीकडे. पुढे-मागे घासणं फक्त जाड ग्रिटवर ठीक. शेवटी तसं केलं तर बर तुटत नाही, नुसती डोलत राहते.

१३ जानेवारी : क्र. १, चामडं आणि चाचणी

चामड्यावर प्रत्येक बाजूला १० ओढ, पाठ पुढे, धार मागे. हात हलका. चामडं दाबलं की ते पात्याच्या मागून धारेभोवती वर चढतं आणि कडा गोल करतं. त्यामुळे चामड्यावरचा कोन पट्टीच्या कोनापेक्षा अंशभर कमीच ठेवला.

वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला. एवढ्यावर समाधान मानलं नाही, कारण उभी राहिलेली बरसुद्धा कागद उत्तम कापते. मऊ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकावर धार एकदा हलकेच टेकवून ओढली, आणि पुन्हा कागद. टोकाजवळ १० मि.मी.मध्ये अडखळली. तिथे बर शिल्लक होती, ती आता वाकली. १२०० चे तीन-तीन हात फक्त पट्टीच्या वजनावर, पुन्हा चामडं, पुन्हा लाकूड, पुन्हा कागद. आता अडखळत नाही.

कोमट पाण्याने धुऊन, पुसून, बिजागरीत तेलाचा एक थेंब.

नोंद क्र. १ : भोक १७, खोली ५, टोकापासून ३२, खांबापासून ८८. खरा कोन १९.२. शेवट १२०० + चामडं.

१८ जानेवारी : क्र. २

ओपिनेलचं पातं पाठीपासून धारेपर्यंत निमुळतं होत जातं, सपाट भाग असा नाहीच. जबडा फक्त पाठीच्या कडेला धरतो आणि पातं जोर लागला की डुलतं. टेपऐवजी दोन्ही बाजूंना पातळ चामड्याचा तुकडा घातला, डुलणं थांबलं. तरी जाड ग्रिट वापरताना दर वीसेक हातांनी खांबापासूनचं अंतर मोजून पाहिलं, एकदा १ मि.मी. सरकलेलं सापडलं.

मुठीवरची कडी फिरवून पातं उघडं असताना कुलूप लावलंच पाहिजे. पाणी जपून : लाकडी मूठ भिजली की फुगते आणि पातं उघडणं अवघड होतं. इथे पट्टीवर फक्त दोन थेंब. हे स्टील गंजणारं आहे, काम झाल्यावर ओलसर ठेवून उठायचं नाही.

पातळ पात्यामुळे काम झटकन झालं. ३२५ चे ३० हात, बर सलग. ६००, १२००, चामडं. कार्बन स्टीलची बर सहज तुटते, या तिघांत सर्वांत कमी त्रास याचाच.

नोंद क्र. २ : भोक १७, खोली ४, टोकापासून ४४, खांबापासून ९२. खरा कोन १८.४.

२५ जानेवारी : क्र. ३, कोन उतरवणं

मार्करवरून कळलं की मूळ कोन एका बाजूने २५ च्या जवळपास आहे. धारेमागची जाडी ०.६ मि.मी. २५ अंशांवर उतार ०.७ मि.मी. रुंद असतो, १९-२० वर ०.९ च्या आसपास होईल. आकडे छोटे दिसतात, पण डी२ मध्ये क्रोमियमचे मोठे कार्बाइड (धातू आणि कार्बनचे कठीण कण) असतात आणि ते झिजायला वेळ घेतात. डायमंड असल्यामुळे अडत नाही. ज्या स्टीलमध्ये व्हॅनेडियम बरंच आहे, उदाहरणार्थ एस३०व्ही (४ टक्के), तिथे तर डायमंडच घ्यावा, कारण व्हॅनेडियमचे कार्बाइड ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कठीण असतात.

पात्याचा सपाट भाग मागे आहे म्हणून जबडा तिथे लावला, टोकापासून ६० मि.मी.वर. धार खांबापासून १०४, भोक "२०", खरा कोन १९.३. २२० ची पट्टी, पुढे-मागे, एका बाजूला १५० हात. शाई खांद्याकडून सरकत धारेकडे आली, अजून धारेला पोचली नाही. टवका अर्धा उरलाय.

पण एक गोष्ट बिघडली : टोकाकडे उतार रुंद होत चाललाय. मधे अजून ०.८ आणि टोकाला १.३. काम थांबवलं.

२ फेब्रुवारी : टोक रुंद का झालं?

टोकाकडे पातं धारेमागे जाड असतं, त्यामुळे कोन तोच ठेवला तरी उतार थोडा रुंद दिसतो. पण इतका नाही. उरलेला दोष जबड्याच्या जागेचा.

सर्रास असं समजलं जातं की सळी जितकी लांब बाहेर येईल तितका कोन कमी. सरळ धारेवर ते खरं नाही. सळी भोकात मोकळी फिरते, पट्टी धारेच्या रेषेवर सपाट टेकते, आणि कोन मुळापासून सरळ भाग संपेपर्यंत तोच राहतो. बदल होतो तो वळणावर. तिथे मोजायचं अंतर म्हणजे त्या बिंदूवरच्या स्पर्शरेषेचं खांबापासूनचं लंब अंतर.

हे कागदावर काढून पाहिलं, दहा मिनिटांचं काम आहे. चाकू जबड्यासकट कागदावर ठेवून पात्याची बाह्यरेषा काढायची, भोकाच्या बरोबर खालचा बिंदू खुणावायचा. धारेच्या वळणाला टोकाजवळ स्टीलची मोजपट्टी टेकवून स्पर्शरेषा ओढायची आणि खुणेच्या बिंदूपासून तिच्यावर लंब टाकून मोजायचा. क्र. ३ चं टोक सरळ धारेपेक्षा १२ मि.मी. पाठीकडे आहे आणि तिथली स्पर्शरेषा सुमारे ३५ अंश कललेली. आकडे असे आले :

जबडा टोकापासून ६० मि.मी. : लंब ११० च्या जवळ, टोकाचा कोन १८.३.
जबडा ५० वर : लंब १०४, कोन १९.३, म्हणजे सरळ भागाइतकाच.
जबडा ३५ वर : लंब ९५, कोन २०.९.

म्हणजे जबडा मुळाकडे गेला की टोकाचा कोन कमी होऊन उतार पसरतो. टोकाकडे आणला की कोन चढतो आणि उतार चिंचोळा होतो. प्रत्येक पात्याला एक जागा असते जिथे दोन्ही जुळतात. क्र. ३ साठी ती ५० मि.मी. पात्याच्या मध्यावर जबडा लावा, हा सल्ला सोपा आहे, पण वळण जास्त असलेल्या पात्याला तो पुरत नाही.

जबडा ५० वर घेतला. तिथे पात्याचा कल सुरू होतो, म्हणून पातळ चामडं. टोकाला झालेली रुंदी परत आणता येत नाही, बाकीचा उतार तिथवर येईपर्यंत ती थोडी दिसेल. धारेच्या कामाला त्याने बाध नाही.

८ फेब्रुवारी : क्र. ३, पूर्ण

२२० : एका बाजूला आणखी २२०, दुसऱ्या बाजूला ३६० हात. टवका गेला, बर सलग. मधे दोनदा पट्टी धुतली. ती भरली की कापायचं सोडून घसरते आणि आवाज बदलतो : करकर कमी होऊन सुळसुळ येते.

टोकाशी एक काळजी. पट्टी टोकावरून पूर्ण निसटू दिली तर ती खाली झुकते आणि टोक गोल होतं. पट्टीची अर्धी रुंदी पात्यावर असतानाच हात थांबवायचा आणि पट्टी उचलायची. मुळाशीही तसंच : मुठीजवळच्या बिनधारेच्या खाचेत पट्टीची कड आदळत राहिली तर तिथे धारेला अर्धगोल खड्डा पडतो. तिथे टेपचे दोन थर लावले.

३२५ चे ५० हात, ६०० चे ३०. प्रत्येक ग्रिटला आधीचे ओरखडे पुसले गेले का हे भिंगातून पाहिलं. सोपं जावं म्हणून ३२५ चे हात मुळाकडे कलते आणि ६०० चे टोकाकडे कलते मारले. तिरपे जुने ओरखडे राहिले तर लगेच उठून दिसतात.

१२०० घेतली नाही. हा चाकू दोर आणि पुठ्ठा कापायला आहे, तिथे ६०० ची किंचित दातेरी धार जास्त दिवस पकड घेते. पण बर मात्र पूर्ण काढली. डी२ ची बर चिवट असते, नुसत्या चामड्याने वाकते आणि सरळ होते, तुटत नाही. ६०० चेच १-१ असे बारा हात पट्टीच्या वजनावर, मग चामड्यावर ६-६. लाकूड, कागद, पुन्हा लाकूड : धार तशीच.

नोंद क्र. ३ : भोक २०, खोली ६, टोकापासून ५०, खांबापासून १०४. खरा कोन १९.३. शेवट ६०० + चामडं.

८ मार्च : क्र. १ पुन्हा

मधल्या काळात रोज वापर झालेला. कागद अजून कापतो, पण पातळ पॉलिथिन ओढतो. दिव्याखाली मधे तीन-चार ठिपके.

वहीतल्या आकड्यांवर बसवला : १७, ५, ३२, ८८. खोली पटकन यावी म्हणून जबड्याच्या आत ५ मि.मी.वर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवली होती, पाठ तिला टेकवली की झालं. मार्कर लावून १२०० चा एकच हात. भिंगाखाली शाई पूर्ण रुंदीभर, टोकापासून मुळापर्यंत गेलेली. ३२५ ला हात लावायची गरज नाही. १२०० चे ८-८, मग १-१ असे चार, चामड्यावर १०-१०. पॉलिथिन सरळ कापलं. बसवण्यापासून पुसण्यापर्यंत ९ मिनिटं.